विश्लेषण : नोटिफिकेशनवरची वेळ नेमकी कुणाची?

ब्राउझरमधून येणाऱ्या सूचनेच्या कोपऱ्यात ‘आता’ किंवा ‘३ ता’ असे काही तरी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती वेळ घटनेची, ती पाठवल्याची की फोनपर्यंत पोहोचल्याची? उत्तर वाटते तितके सरळ नाही.

२४ आणि २५ जुलै २०२४ च्या दरम्यान पुण्यात मुसळधार पाऊस झाला, खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडले जाणारे पाणी वाढवले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. अशा दिवशी विसर्गाचा आकडा तासातासाला बदलतो. पहाटेचा आकडा सकाळी निरुपयोगी आणि सकाळचा आकडा दुपारी दिशाभूल करणारा ठरतो. नदीकाठच्या माणसाच्या फोनवर ‘विसर्ग वाढवला’ एवढीच ओळ आली, तर त्याचा पहिला प्रश्न ‘किती’ हा नसतो, ‘कधी’ हा असतो. गाडी वरच्या रस्त्यावर नेऊन लावायची का, आईवडिलांना शेजारच्या इमारतीत हलवायचे का, हे त्या ‘कधी’वर ठरते. बाजारभाव, परीक्षेचा निकाल, मतमोजणीच्या फेऱ्या, रेल्वे रद्द झाल्याची खबर या सगळ्यांना हेच लागू होते. मात्र संकेतस्थळांकडून येणाऱ्या सूचनांमध्ये सर्वात दुर्लक्षित भाग असतो तो हाच, वेळेचा.

एकाच सूचनेच्या चार वेळा

संकेतस्थळाला एकदा ‘परवानगी द्या’ म्हटले की ते ब्राउझरमार्फत सूचना पाठवू शकते. त्यासाठी ते संकेतस्थळ उघडलेले असण्याची गरज नसते. संदेश आधी संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून निघतो. तो थेट फोनवर येत नाही. मध्ये एक टपाल कार्यालय असते, त्याला पुश सेवा म्हणतात. क्रोमसाठी ती गुगलची, फायरफॉक्ससाठी मोझिलाची आणि सफारीसाठी ॲपलची. ही सेवा फोन जागा आहे का, इंटरनेट चालू आहे का, हे पाहून संदेश पुढे देते. फोनवर ब्राउझरचा एक पडद्यामागचा कार्यक्रम जागा होतो (याला सर्व्हिस वर्कर म्हणतात), संदेश उघडतो आणि सूचना पडद्यावर मांडतो.

म्हणजे घटना घडली ती एक वेळ. संपादकाने किंवा अधिकाऱ्याने संदेश सोडला ती दुसरी. फोनने तो पडद्यावर मांडला ती तिसरी. आणि माणसाने खिशातून फोन काढून तो वाचला ती चौथी. सगळे सुरळीत असेल तर पहिल्या तीन वेळांत काही सेकंदांचे किंवा मिनिटांचे अंतर असते आणि कुणाला फरक जाणवत नाही. फोन रात्रभर बंद होता, विमानात होता, घाटात रेंज नव्हती किंवा डेटा संपला होता, की हे अंतर तासांवर जाते.

उशिराचे कारण नेहमी रेंज नसते. अँड्रॉइडच्या २०१५ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ नावाची सोय आहे. फोन बराच वेळ न हलता, पडदा बंद करून पडून राहिला की तो गाढ झोपतो आणि साधारण प्राधान्याचे संदेश अधूनमधून जाग आल्यावर एकदमच घेतो. बॅटरी वाचते, पण पहाटे तीनची सूचना सहाला येऊ शकते. संगणकावर तर ब्राउझर पूर्ण बंद असेल तर सूचना तशाच थांबतात. सकाळी कार्यालयात येऊन ब्राउझर उघडला की कोपऱ्यात सूचनांची रांग लागते, त्यात कालच्या संध्याकाळच्याही असतात.

मग पडद्यावर कुठली वेळ दिसते?

इथे खरी मेख आहे. ब्राउझरच्या नोटिफिकेशनसाठी जे जागतिक मानक आहे, त्यात शीर्षक, मजकूर, चिन्ह यांच्याबरोबर ‘टाइमस्टॅम्प’ हा एक रकाना आहे. संकेतस्थळ बनवणाऱ्याने तो भरला तर त्यातली वेळ सूचनेची वेळ मानली जाते. नाही भरला तर सूचना ज्या क्षणी फोनवर तयार झाली, तो क्षण आपोआप लिहिला जातो. रकाना ऐच्छिक असल्यामुळे तो रिकामा राहणे अगदी सहज घडते.

परिणाम काय? रात्री अकराची बातमी, रात्रभर बंद असलेला फोन, सकाळी सात वाजता फोन सुरू. रकाना रिकामा असेल तर सूचनेवर लिहिलेले असते ‘आता’. वाचणारा ती ताजी समजतो, दोन गटांत पुढे ढकलतो. रकाना भरलेला असेल तर तीच सूचना ‘८ ता’ अशी दिसते आणि माणूस आधी दुसरीकडे खात्री करतो. बातमी तीच, शब्द तेच, फरक केवळ एका आकड्याचा.

क्रोमने ही सोय एप्रिल २०१६ मध्ये, त्याच्या पन्नासाव्या आवृत्तीत आणली. क्रोमच्याच पायावर उभे असलेले इतर ब्राउझर ती कमीअधिक प्रमाणात पाळतात. सगळ्याच ब्राउझरनी मात्र ती स्वीकारलेली नाही. फायरफॉक्स आणि सफारी या बाबतीत मागे राहिले आहेत. म्हणजे संकेतस्थळाने काळजीपूर्वक वेळ भरून पाठवली तरी ती प्रत्येक वाचकाला दिसेलच असे नाही. आयफोनवर तर ही वाटच अरुंद आहे. मार्च २०२३ मधल्या आयओएस १६.४ पासून संकेतस्थळांच्या सूचना तिथे येऊ लागल्या, त्याही ते संकेतस्थळ होम स्क्रीनवर जोडून घेतले असेल तरच.

१ जानेवारी १९७० चा काय संबंध?

टाइमस्टॅम्पच्या रकान्यात ‘२५ जुलै, सकाळी सहा’ असे लिहीत नाहीत. तिथे एक लांबलचक संख्या असते : १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून आजवर किती मिलिसेकंद झाले. ही मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेची, भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. ही पद्धत अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीतून आली. सुरुवातीला तिथे सेकंदाचा साठावा भाग मोजत. त्यामुळे ३२ बिटांची जागा जेमतेम सव्वादोन वर्षांत भरून जाई. मग सेकंद मोजायचे ठरले आणि १९७० ही सुरुवात पक्की झाली. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांची मुदत १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल, ही चर्चा अनेकांनी ऐकली असेल. ब्राउझर मात्र मिलिसेकंद मोजतात आणि त्यांच्याकडे जागा ऐसपैस आहे, त्यामुळे नोटिफिकेशनच्या या रकान्याला त्या तारखेची भीती नाही.

भीती आहे ती सेकंद आणि मिलिसेकंद यांच्या घोळाची. बरेच सर्व्हर आणि डेटाबेस सेकंद मोजतात, ब्राउझर मिलिसेकंद. हजाराने गुणायचे राहून गेले की गंमत होते. उदाहरणार्थ, १,७०,००,००,००० ही संख्या सेकंद म्हणून वाचली तर १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटे अशी भारतीय वेळ येते. तीच मिलिसेकंद म्हणून वाचली तर २० जानेवारी १९७० ची रात्र, पावणेदहाच्या सुमारास. कालच्या सूचनेवर पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची वेळ दिसली तर फोन बिघडलेला नाही. पाठवणाऱ्याने तीन शून्ये कमी लावली आहेत. त्यात भर म्हणजे त्याच संदेशासोबत जाणारी दुसरी एक संख्या, संदेश किती काळ जिवंत ठेवायचा ती, सेकंदांतच द्यावी लागते. एकाच पाकिटात दोन मापे. चुका होतात यात नवल नाही.

साडेपाच तासांची चूक

ही संख्या साऱ्या जगासाठी एकच असते. तिचे ‘सकाळी सहा’ किंवा ‘रात्री साडेआठ’ असे रूपांतर ज्याचा त्याचा फोन करतो. डोंबिवलीतल्या आईला आणि न्यू जर्सीतल्या मुलाला एकच सूचना आली, तर दोघांना आपापल्या घड्याळाप्रमाणे योग्य वेळ दिसते. रचना उत्तम आहे. घोटाळा संख्या तयार करताना होतो.

कार्यालयातल्या माणसाने ‘सायंकाळी ६’ असे टाइप केले आणि सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल (भाड्याचे बहुतेक सर्व्हर तसेच चालतात), तर सर्व्हर ते जागतिक सायंकाळचे ६ समजतो. भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे सूचनेवर साडेपाच तास पुढची वेळ पडते. उलट झाले तर तेवढीच मागची. केवळ तारीख लिहिली आणि वेळ लिहिलीच नाही, तर ब्राउझरची भाषा ती जागतिक मध्यरात्र धरते : मुंबईत पहाटे साडेपाच, न्यू जर्सीत आदल्या दिवशीची संध्याकाळ. आणि तारखेसोबत वेळ लिहिली पण कुठल्या देशाची ते लिहिले नाही, तर हीच भाषा ती वाचकाच्या फोनवरची स्थानिक वेळ समजते. एकाच भाषेतले हे दोन नियम अनुभवी प्रोग्रॅमरनाही चकवतात. वाचकाच्या दृष्टीने खूण सोपी आहे. सूचनेवरची वेळ आणि बातमी उघडल्यावर दिसणारी वेळ यांत बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल, तर घोळ बहुधा इथलाच आहे.

भविष्यातली वेळ दिली तर सूचना तेव्हाच येते का?

नाही. हा गैरसमज संकेतस्थळे बनवणाऱ्यांमध्येही आढळतो. या रकान्यात पुढची वेळ लिहिता येते, उदाहरणार्थ थोड्या वेळात सुरू होणाऱ्या बैठकीची. पण त्यामुळे सूचना थांबून राहत नाही, ती लगेचच दिसते. केवळ तिच्यावर लिहिलेली वेळ पुढची असते. ठरावीक वेळी आपोआप उगवणारी सूचना क्रोमने काही काळ प्रयोग म्हणून करून पाहिली आणि नंतर तो प्रयत्न सोडून दिला. आज संकेतस्थळाला सायंकाळी सहाची आठवण द्यायची असेल, तर सर्व्हरने सहाला संदेश सोडायचा आणि तो वेळेत पोहोचेल अशी आशा करायची.

टपालाचा शिक्का की पत्रावरची तारीख?

पूर्वीच्या आंतरदेशीय पत्रावर दोन प्रकारच्या तारखा असत. पत्र लिहिणारा वरच्या कोपऱ्यात स्वतः घालायचा ती एक आणि टपाल कार्यालयाने ठोकलेल्या शिक्क्यातली दुसरी. लिहिणारा मागची तारीख घालू शकत असे. शिक्का मात्र त्याच्या हातात नव्हता. नोटिफिकेशनवरचा टाइमस्टॅम्प दिसतो शिक्क्यासारखा, पण आहे पत्रावरच्या तारखेसारखा. पाठवणाऱ्याने लिहिलेली ती तारीख असते. ब्राउझर ती तपासत नाही, मागची-पुढची कशीही चालते. म्हणून ‘नोटिफिकेशनवर अमुक वेळ होती’ हा पुरावा म्हणून फार कच्चा ठरतो.

फसवणूक करणाऱ्यांना मात्र टाइमस्टॅम्पमध्ये फेरफार करण्याचीही फारशी गरज पडत नाही. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या’ असे सांगून सूचनांची परवानगी मिळवायची आणि मग ‘फोनमध्ये व्हायरस सापडला’, ‘खाते आज बंद होणार’ अशा ओळी सोडत राहायच्या, ही पद्धत जुनी आहे. रकाना रिकामा ठेवला की प्रत्येक सूचनेवर ‘आता’ येतेच. घाई निर्माण करायला तेवढे पुरते. अशा वेळी वेळेकडे नव्हे, सूचनेवर लहान अक्षरांत असलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्याकडे पाहायला हवे. बँकेच्या नावाची सूचना आणि पत्ता भलताच, एवढी विसंगती पुरेशी असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स उघडले की आजवर कुणाकुणाला परवानगी दिली त्याची यादी दिसते. अनेकांना ती पाहून आश्चर्य वाटते.

फोनवर वेळ नीट कशी वाचायची?

सूचनेवरचे ‘२ ता’ किंवा ‘४० मि’ हे अंतर फोन स्वतःच्या घड्याळावरून काढतो. फोनचे घड्याळ हाताने लावलेले आणि चुकलेले असेल, तर अंतरही चुकते. तारीख व वेळ आपोआप लागण्याची सोय चालू ठेवणे बरे. घड्याळ फारच चुकले असेल तर सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदतही त्याच घड्याळावर तपासली जाते.

अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या फोनमध्ये सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन विभागात ‘नोटिफिकेशन हिस्ट्री’ असते. ती आधी चालू करावी लागते, मग गेल्या २४ तासांतल्या, बोटाने सरकवून टाकलेल्याही सूचना तिथे सापडतात. तिथे नोंदलेली वेळ सूचना फोनवर आल्याची असते. पत्राच्या उपमेत सांगायचे तर हाच आपल्याकडचा टपालाचा शिक्का. सूचनेवरची वेळ आणि ही वेळ यांत मोठी तफावत असेल, तर संदेश वाटेत अडकला होता किंवा पाठवणाऱ्याने वेळ वेगळी भरली होती, हे लगेच कळते. फोनच्या कंपनीनुसार पर्यायांची जागा थोडी बदलते.

स्क्रीनशॉटची गोष्ट निराळी. गटात फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये सूचनेवर ‘१ ता’ असते आणि वर फोनच्या पट्टीवर ९:२०. म्हणजे सूचना ८:२० च्या आसपासची. पण कुठल्या दिवशीची? सकाळची की रात्रीची? तारीख बहुतेक वेळा चित्रात नसते. गेल्या पावसाळ्यातला विसर्गाचा स्क्रीनशॉट या पावसाळ्यात तितकाच ताजा दिसतो. अनेक फोनमध्ये स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावातच तारीख असते, ती मूळ फाइल हाती असेल तर उपयोगी पडते. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पुढे आले की ते मूळ नाव टिकत नाही.

पाठवणाऱ्याच्या हातात काय आहे?

बरेच काही. टाइमस्टॅम्पचा रकाना घटनेच्या वेळेने भरणे हे पहिले. दुसरे, संदेशाचे आयुष्य ठरवणे. डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब पुशच्या मानकानुसार प्रत्येक संदेशासोबत ‘टीटीएल’ म्हणजे आयुर्मर्यादा देणे बंधनकारक आहे. फोन तेवढ्या वेळात जागा झाला नाही तर टपाल कार्यालयातच संदेश टाकून दिला जातो. शून्य दिले तर ‘आत्ता पोहोचव, नाही तर सोड’. गुगलच्या सेवेत कमाल मर्यादा २८ दिवसांची आहे. मर्यादा मोठी ठेवली की संदेश ‘पोहोचला’ अशी नोंद वाढते, पण सहा तासांनी आलेला विसर्गाचा जुना आकडा न आलेलाच बरा. लग्नाच्या आमंत्रणाला आठवडाभर चालेल, पुराच्या इशाऱ्याला एखादा तास.

तिसरे, नवी सूचना आली की जुनी पुसली जाणे. एकाच विषयाच्या सूचनांना ‘टॅग’ दिला तर नवी सूचना जुनीची जागा घेते. फोन बंद असतानाही टपाल कार्यालयात साठलेल्या जुन्या संदेशाच्या जागी नवा ठेवता येतो, त्यासाठी मानकात ‘टॉपिक’ची सोय आहे. हे केले असेल तर फोन सुरू झाल्यावर विसर्गाचे सात आकडे उलटसुलट येत नाहीत, शेवटचा एकच येतो. यातले काहीही खर्चिक नाही. क्रिकेटच्या धावफलकासाठी ही सोय वापरणारे कमी नाहीत. तीच धरणाच्या पाण्यासाठी वापरायला अडचण कसली, हा प्रश्न रास्त आहे.

आणि शेवटी मजकूर. रकाना कितीही अचूक भरला, तरी ‘आज रात्री पाणी सोडणार’ हे वाक्य मध्यरात्रीनंतर पोहोचले की ‘आज’चा अर्थ बदलतो. ‘थोड्याच वेळात’, ‘उद्या सकाळी’, ‘आत्ताच’ हे शब्दही तसेच. फोन संख्येचे रूपांतर स्थानिक वेळेत करतो, शब्दांचे करत नाही. पाठवण्याच्या ओळीतच ‘२५ जुलै, सकाळी ६ वाजता’ असे लिहिले, तर ते फायरफॉक्समध्ये, आयफोनवर, स्क्रीनशॉटमध्ये आणि पुढे ढकललेल्या मजकुरातही तसेच राहते. त्याला जेमतेम वीस अक्षरे लागतात.